आजीचा हातोडा

आज आजीचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर आत्यानं तिची लाकडी पेटी उघडली. दोन इरकली लुगडी, जोंधळ्याच्या बियाण्याची पुरचुंडी आणि तळाशी खडी फोडायचा हातोडा!

१९७२ च्या दुष्काळात धाकट्या काकांना कडेवर घेऊन आजी खडी फोडायला जायची. दुष्काळी कामावर मिळालेला सुकडीचा पौष्टिक खाऊ पोरांना, स्वतः मात्र मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीवर. "घशाखाली उतरत नव्हती रं," म्हणायची. म्हणूनच ताटात शीतसुद्धा टाकू द्यायची नाही आम्हाला. नव्वदी ओलांडली तरी दारात आलेल्याला पहिला प्रश्न, "जेवला का, बाबा?"

आज घर माणसांनी भरलं होतं, पण ओसरीवरून तो आवाज आला नाही.

हातोड्याचा दांडा तिच्या हातानं घासून गुळगुळीत झालाय. तो मी आत्याकडून मागून घेतला.