आठ बाइट्सचा घोळ

गेले दहा दिवस आमच्या भांडुपच्या घरी नेट चालू पण होतं आणि बंद पण, म्हणजे यूट्यूब मस्त, आईचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सटासट जायचे, पण फोटो टाकला की ते चक्र गोल गोल फिरत बसायचं आणि माझ्या ऑफिसच्या मेलला अटॅचमेंट लावली की सगळं ठप्प. हे सुरू झालं दादाने पुण्याला शिफ्ट होताना त्याचा राउटर आम्हाला दिला तेव्हापासून, पण तेव्हा एवढं डोकं चाललं असतं तर काय हवं होतं.

कंप्लेंट केली, नेट कंपनीचा पोरगा भर पावसात भिजत आला बिचारा, राउटर बाजूला काढून वायर थेट स्वतःच्या लॅपटॉपला लावली, युजरनेम पासवर्ड टाकला आणि सगळं पळायला लागलं. "सर, लाईन ओके आहे, तुमचा राउटर गेलाय, नवीन घ्या." चिडचिड जास्त याची झाली की तो अर्धा बरोबर होता.

रात्री जेवण झाल्यावर बसलो. नेटवर सगळा डेटा छोट्या गठ्ठ्यांनी जातो, त्यांना पॅकेट म्हणतात, आणि पिंग म्हणजे एक पॅकेट पाठवून उत्तर येतंय का बघायचं. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग करताना -एफ म्हणजे पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत आणि -एल म्हणजे साइज, बाइट्समध्ये. १४७२ टाकलं, टाइम आउट, म्हणजे उत्तरच नाही. १४०० गेलं. १४५० गेलं, १४७० मेलं, १४६० गेलं, मग एकेक वाढवत १४६४ पर्यंत रिप्लाय आणि १४६५ ला शांतता! पिंगच्या साइजमध्ये हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याचे, २८ धरायचे असतात, म्हणजे १४६४ चे झाले १४९२, आणि हा आकडा बघितल्यावर कपाळावर हात मारला.

इथरनेटच्या, म्हणजे नेटच्या वायरवरच्या, पॅकेटची कमाल साइज १५०० बाइट्स. युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन असतं ना, पीपीपीओई, ते स्वतःसाठी त्यातले ८ खातं. आणि दादाने कधीतरी राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल साइज, हाताने १५०० करून ठेवलेला. त्या पोराच्या लॅपटॉपवर चाललं कारण डायल करताना विंडोज स्वतःच साइज कमी धरतं. यूट्यूब वाचलं कारण ते बहुतेक वेळा क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतं, त्याची पॅकेटं मुळातच जरा छोटी.

लालबागला आजोबांच्या चाळीत गोदरेजचं कपाट चढवलेलं तेव्हा वरून काका ओरडलेले, "मावत नाही रे, खाली न्या!" नेटवर पण असं ओरडणारं कोणीतरी असतं, वाटेतला राउटर आयसीएमपी नावाचा सूचनेचा मेसेज पाठवून सांगतो की आकार कमी करा. आमच्या राउटरला मात्र १५०० चं मावतंय असंच वाटत होतं, त्यामुळे तो गप्प, आणि पॅकेट पुढे गुपचूप गायब. कितीतरी साइटवाले सिक्युरिटीच्या नावाखाली हे मेसेज सरसकट ब्लॉक करतात, तिकडून येणाऱ्या मोठ्या पॅकेटची पण तीच गत. मूर्खपणा आहे माझ्या मते.

राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगमध्ये १५०० चं १४९२ केलं, एमएसएस क्लॅम्पिंग नावाची, दोन्ही बाजूंना आधीच छोटी पॅकेटं पाठवायला लावणारी टिक होती ती पण केली, रीस्टार्ट. आता १४७२ चं पिंग मारलं की टाइम आउट नाही, सरळ उत्तर येतं की तुकडे करावे लागतील. काका ओरडले एकदाचे.

तेवढ्यात आतून आईचा फोन टिंग टिंग वाजायला लागला. अडकलेले फोटो सगळे एकदम सुटले होते आणि ती दर वेळी परत पाठवत राहिल्यामुळे गावच्या ग्रुपवर एकच उकडीचा मोदक चार वेळा गेला.