सुई ज्याची, त्यानेच टाकायची

डेंटल क्लिनिकची तपासणी होणार म्हटलं की आमची फाइल एकदम चोख होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कचरा नेणाऱ्यांच्या पावत्या, एक्स-रे मशीनची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदणी, कुठला कचरा कुठल्या डब्यात ते सांगणारा भिंतीवरचा पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचा तक्ता. त्यात असिस्टंटच्या हेपेटायटिस बी लशीचा कागद मात्र फार थोड्या ठिकाणी दिसतो.

2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याच्या, नियमांत हे स्पष्ट आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी. डॉक्टरांचे डोस बहुधा कॉलेजातच झालेले असतात. असिस्टंट म्हणून आलेल्या मुलीच्या हातात मात्र पहिल्याच दिवशी रक्ताचा ट्रे येतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर हेपेटायटिस बीचा धोका 6 ते 30 टक्के, एचआयव्हीचा साधारण 0.3 टक्के. आणि घाबरतात सगळे एचआयव्हीलाच!

डोस तीन: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. "मॅडम, तोवर मी इथं टिकले तर ना!" एक जण म्हणाली होती. या धंद्यातले पगार बघता तिचं काही चुकलं नव्हतं. तरी पहिला डोस कामावर घेतानाच द्यायचा आणि पुढच्या दोन्ही डोसांचे पैसेही आपणच भरायचे, मग ती कुठेही जावो.

दुसरा माझा हट्ट सुईचा. भूल दिली की काही डॉक्टर सिरिंज ट्रेमध्ये तशीच टाकून पुढच्या पेशंटकडे वळतात. कापसाच्या बोळ्याखाली ती दिसत नाही, आणि ट्रे आवरणारीच्या बोटात जाते. सुई ज्याने टोचली, त्यानेच ती खुर्चीशेजारच्या कटरमध्ये कापून पांढऱ्या डब्यात टाकायची. पुन्हा भूल द्यावी लागेल असं वाटलं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर घ्यायचं. दुसरा हात मागे. रूट कॅनॉलच्या फाइल्स (दाताच्या आत फिरवायच्या सुईसारख्या कानशी) आणि बर (दात कोरायच्या ड्रिलची टोकं) धुताना पातळ ग्लोव्ह्ज चालत नाहीत, भांडी घासायचे जाड रबरी मोजे घालायचे.

सिंकवर एक कागद चिकटवलाय. टोचलं तर दाबून रक्त काढू नका, साबण आणि वाहतं पाणी, मग लगेच सिव्हिलचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकं चांगलं. पण डॉक्टर रागावतील या भीतीने मुली बोटाला पट्टी लावून गप्प बसतात. म्हणून त्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, माझा मोबाइल नंबर आहे.