उशाचा मृतसाठा

आज दुपारी लाईट गेली. एप्रिलातली दुपार आणि तीपण सोलापूरची, म्हणजे पुढं काही सांगायला नको. पंखा थांबला तशी मी उठून बसले, चष्मा चाचपायला उशाकडं हात नेला तर तो जाऊन लागला तांब्याला, वरचं फुलपात्र खणकन खाली पडलं आणि गोल गोल फिरत पलंगाखाली गेलं. वाकून काढायचा कंटाळा. तशीच बसून तांब्यात डोकावले. काठोकाठ पाणी. काल रात्री दहाला भरलेलं, घोटभरसुद्धा कमी झालेलं नाही. परवाचंही असंच होतं की. मग आठवायला लागले की रात्री उठून या तांब्यातलं पाणी आपण शेवटचं कधी प्यालो, तर आठवेचना.

पण तांब्या नसला तर झोप येत नाही हे नक्की. कुणाच्या लग्नाला गेलो, कार्यालयातल्या खोलीत गाद्यांवर पडलो आणि दिवा मालवला की पहिल्याच मिनिटाला माझ्या घशाला कोरड पडते. तोपर्यंत काही नसतं. उशाशी पाणी नाही एवढं कळलं की घसा जागा होतो. मग अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय देत जायचं, कुणाची तरी अर्धी बाटली उचलून आणायची, उशाशी ठेवायची आणि न पिता झोपायचं.

उजनी धरणाचं पाणी पिणाऱ्या माणसाला यात विचित्र काही वाटायला नको खरं तर. बाहेरगावच्या पाहुण्यांना धरण मायनसमध्ये म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. धरण शून्य टक्के झालं म्हणजे रिकामं झालं नाही, खाली त्रेसष्ट टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास मृतसाठा असतोय, तो मोजायचाच नाही असं ठरलेलं आहे, आणि आम्ही दर उन्हाळ्यात तोच पीत असतो. 2024 च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती आणि ऑगस्टात तीच शंभर टक्के भरली. मधल्या दोन महिन्यांत गावात दुसरा विषय नव्हता. तर माझा उशाचा तांब्या म्हणजे माझा मृतसाठा. वापरायचा नाही, मोजायचा नाही, फक्त आहे एवढं माहीत पाहिजे.

लेक पुण्याला असते नोकरीला, तिला हे सगळं हास्यास्पद वाटतं. गेल्या दिवाळीत तिनं मला एक बाटली आणून दिली, दोन लिटरची, गुलाबी, कडेनं रेघा मारलेल्या. सकाळी नऊला इथपर्यंत, अकराला इथपर्यंत, दुपारी एकला इथपर्यंत, आणि प्रत्येक रेघेपुढं इंग्रजीत शाबासकी. शिवाय मोबाईलमध्ये एक अॅप टाकून दिलं, ते दर तासाला ग्लासात पाणी ओतल्यासारखा आवाज करतं. पहिल्या दिवशी तो आवाज आला तशी मी उठून पळत मागं गेले, मोटर लावायला. आयुष्यभर घरात पाण्याचा आवाज आला की एकच अर्थ, पाणी आलं, उठा. आता हे पाणी प्या म्हणून सांगणारं नवीन.

बाटली वाईट नाही, पण उशाला ती चालत नाही. तिचं झाकण फिरवून उघडावं लागतं, त्याला दोन हात लागतात, आणि झोपेत दोन्ही हात जागे करायचे म्हणजे सगळा माणूसच जागा होतो. तांब्याचं तसं नाही. डोळे मिटून एका हातानं फुलपात्र उचलायचं, ते सरळ करायचं, मग त्याच हातानं... नाही, इथंपण दुसरा हात लागतोच की. असू दे. पण तांब्याच बरा. माझ्याकडचा पितळेचा नाही की तांब्याचा नाही, साधा स्टीलचा, बुडाला एक पोचा आहे त्यामुळं तो सपाट बसत नाही, पंखा पाचवर असला की अगदी बारीक टिकटिक करतो. तळाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मावशीचं सासरचं नाव आणि 12-5-71. मावशीच्या लग्नातला तांब्या आमच्या घरी कसा आला हे मी विचारलेलं नाही, विचारलं तर परत द्यावा लागेल.

तर अॅपच्या नादानं मी बघितलं की हे दिवसाला आठ ग्लासांचं कुणी काढलं. 1945 साली अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळानं सांगितलं होतं म्हणे की मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं. आणि लगेच पुढं म्हटलं होतं की यातलं बरंचसं आपल्या खाण्यातूनच मिळतं. ते पुढचं बहुतेकांनी वाचलंच नाही. मी लगेच लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातीस, त्यातनं तुला किती पाणी मिळणार गं?" यावर काय बोलणार. कडक भाकरीतनं पाणी मिळायचं सोडा, ती जाताना आपलंच घेऊन जाती.

आणि गावात मुतखडा घराघरात आहे, ते वेगळंच. माझ्या दिराला झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, किती पाणी पिता ते मला सांगू नका, दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे तेवढं प्या. मग तो ऑफिसला जाताना दोन बाटल्या घेऊन जायचा, येताना एक भरलेली परत. आता पन्नाशीनंतर मला सांगतात, रात्री झोपायच्या आधी दोन तास पाणी कमी करा, वय झालं की रात्रीची लघवी आवरून धरायची शरीराची सवय कमी होत जाते. म्हणजे पाणी उशाला, आणि प्यायचं नाही असं आता डॉक्टरांनीच लिहून दिल्यासारखं.

माठाच्या बाबतीत मात्र आपलं गाव श्रीमंत. मुंबईची जाऊ म्हणते आमच्याकडं माठ गार होतच नाही. कसा होणार, माठ गार होतो तो बाहेर पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून, आणि तिकडच्या दमट हवेत कपडे वाळत नाहीत तिथं माठ काय वाळणार. आमच्याकडं बेचाळीस डिग्रीला हवा एवढी कोरडी असते की वाळूवर माठ ठेवला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं, आत वाळ्याची जुडी टाकली की काही तासांत दाताला लागेल असं पाणी. फ्रिज घरात आला त्याला तीस वर्षं झाली पण फ्रिजचं पाणी मी पाहुण्यांनाच देते.

लहानपणी आम्ही पूर्व भागात राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, गल्लीत रात्रंदिवस मागांची खटखट. शेजारी तेलुगू, पलीकडं कानडी, समोर मुसलमान. सार्वजनिक नळ एकच, त्यामुळं नीळ्ळु, नीरु, पानी आणि पाणी हे चारही शब्द आम्हाला बाराखडीच्या आधी येत होते, नळावरची भांडणंपण चारही भाषांत समजायची. उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं पडवीच्या बाहेर ओळीनं झोपायचो, गोधड्या टाकून. ओळीच्या डोक्याशी आजी तांब्या ठेवायची. मोठा, पितळेचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला, वर पालथं फुलपात्र. तो कुठं ठेवायचा याचा नियम होता, कुणाचा पाय पोचणार नाही आणि सगळ्यांचा हात पोचेल असा. रात्री कुणी उठलं की फुलपात्राचा आवाज व्हायचा, आणि एकाचा आवाज झाला की बाकीच्या चौघांना तहान लागायची. मग अंधारात ते फुलपात्र ओळीतनं फिरत शेवटपर्यंत जायचं. शेवटच्याला निम्मं सांडलेलं मिळायचं, शेवटची म्हणजे मी.

आजोबा गिरणीत. दुसरी पाळी सुटली की रात्री बाराच्या पुढं यायचे. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज, मग चपला, मग ते आमच्या डोक्याशी येऊन उभे राहायचे, अंगाला कापसाचा आणि तेलाचा वास, आणि तांब्या उचलून वरनं पाणी प्यायचे. ओठ न लावता. घट, घट, घट. मी डोळे मिटून घोट मोजायची. सतराच्या खाली कधी आले नाहीत. मला तेव्हा वाटायचं आठ तास त्यांना कुणी पाणीच देत नाही. मग तांब्या रिकामा व्हायचा आणि आजी आतनं उठून यायची, परत भरून ठेवायची, काही न बोलता. सकाळी त्यात उरलेलं पाणी तुळशीला. रात्रीचं पाणी प्यायचं नाही, शिळं झालं.

हे शिळ्या पाण्याचं मला अजून नीट कळलेलं नाही. रात्रभर उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन थोडा उडून जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो, म्हणून सकाळी चव जरा उतरल्यासारखी लागते, एवढं ठीक आहे. पण आपल्याकडची गंमत अशी की नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तोवर पिंपातलं पाणी आपण भांडं भांडं जपून वापरतो, पोरांनी जास्तीचा मग घेतला तर ओरडतो, आणि ज्या क्षणी नळाला धार लागली त्या क्षणी ते पिंपातलं सगळं शिळं होतं. मग अंगणात ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. ज्या गावच्या दैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात हातानं तळं खणवून घेतलं त्या गावात हे आपण करतो. मीपण करते. शेजारणी करताना बघितलं की मात्र जीव तुटतो.

मधे पुण्याला लेकीकडं चालले होते, एसटीनं. गाडी भिगवणच्या अलीकडं, बाजूला उजनीचं पाणी पसरलेलं, लांबवर रोहित पक्षी उभे असावेत असे ठिपके, खिडकीतनं झळा येतायत आणि माझ्या मांडीवर ती गुलाबी बाटली, नऊच्या रेघेच्याही वर भरलेली. तोंडाला कोरड. आणि मी पीत नाही. शेजारची बाई पण पीत नाही, तिच्या पिशवीतनं पण बाटलीचं टोक दिसतंय. पुढं बसलेल्या बाप्यानं तेवढ्या वेळात दोन बाटल्या संपवल्या. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसलो, कारण थांब्यावरच्या त्या खोलीत कोण जाणार. चार-साडेचार तास. शाळेतपण हेच, अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पोरी डब्याच्या सुट्टीत घास अडकला तर तेवढ्यापुरती चूळभर प्यायच्या आणि आम्ही बाया तेवढंही नाही. कुणी कुणाला शिकवलं नाही. मार्च-एप्रिल आला की दर आठवड्याला एखादी लघवीच्या जळजळीनं रजेवर. खरं म्हणजे आम्ही दिवसाचं पाणी संध्याकाळी घरी येऊन पितो, चप्पल काढता काढता, उभ्यानंच, वरनं, सतरा घोट.

तिथं गाडीत बसल्या बसल्या आजी आठवली. ती रात्री दोन-दोनदा उठून तांब्या भरायची, आमच्यासाठी, आजोबांसाठी. आणि तिला मी रात्री पाणी पिताना एकदाही बघितलं नाही. आवाज तर सगळ्यांचे पाठ होते मला. तिचा नव्हताच. तेव्हा वाटायचं म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते. पण त्या चाळीत संडास गल्लीच्या टोकाला, मागांच्या शेडच्या पलीकडं, दिवा नाही, रात्री बाईमाणूस एकटी जायची नाही. म्हणजे ती दिवस मावळला की

नळ खोकला. मागच्या नळातनं आधी हवा येते ना, फुस्स, मग थोडं तांबूस, मग धार. आज आमच्याकडचा दिवस नव्हता, उद्याचा होता. लाईट नाही, मोटर चालणार नाही, खालच्या नळावरनंच भरायला लागणार, बादलीनं. ते फुलपात्र अजून पलंगाखालीच आहे. राहू दे, रात्री काढीन. आधी पिंप रिकामं करायला पाहिजे.