सुट्ट्यांच्या हंगामात व्यवहार तारखेवर अडतो

सुट्ट्यांच्या दिवसांत घरांची खरेदी-विक्री थंडावते, असं सगळे म्हणतात. धंद्यात नवीन आलेले एजंटही ते खरं मानून सैलावतात. घर बघायला येणारी माणसं कमी होतात, हे बरोबरच आहे. पण ऐन सुट्टीत घरच्यांना सोडून कोणी घर बघायला येत असेल, तर त्याला काहीतरी कारण असतं. बदली झालेली असते, भाडेकरार संपत आलेला असतो, किंवा घरातली निर्णय घेणारी सगळी माणसं एकदाची एका गावात जमलेली असतात. अशा पार्टीबरोबर किमतीची बोलणी लवकर उरकतात. घोडं अडतं ते तारखेवर. या हंगामात मोडलेल्या बहुतेक व्यवहारांत घर चांगलं असतं, पैसेही तयार असतात, फक्त सही करणारा एक माणूस जागेवर नसतो.

म्हणून या दिवसांतलं पहिलं काम म्हणजे सुट्ट्यांचा तक्ता. त्यात विकणारा, घेणारा, घेणाऱ्याची बँक, विकणाऱ्याचं जुनं कर्ज असेल तर ती बँक, वकील आणि नोंदणी कार्यालय या सगळ्यांच्या सुट्ट्या लिहायच्या. घर दोघा-तिघांच्या नावावर असेल तर प्रत्येक मालकाची वेगळी ओळ हवी. ‘भाऊ येईलच सहीला’ हे वाक्य तक्त्यात चालत नाही. भावाचं तिकीट कोणत्या तारखेचं आहे ते लिहा. बँकेच्या बाबतीत ‘शाखा उघडी आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. शाखा उघडी असते आणि रक्कम सोडण्याचा अधिकार असलेला अधिकारी रजेवर असतो. तेव्हा विचारायचं असं: सही कोणाची लागणार, ते कोणत्या तारखेपर्यंत कामावर आहेत, आणि ते नसताना अधिकार कोणाकडे? उत्तर लेखी मागा, एका ओळीचा ईमेल पुरतो.

तक्ता भरला की शेवटून मोजायला सुरुवात. सुट्ट्यांआधीचा शेवटचा कामाचा दिवस खरेदीखताच्या सहीसाठी कधीच ठरवू नका. सही त्याच्या किमान 3 कामाचे दिवस आधी हवी: एक दिवस राहून गेलेल्या कागदासाठी, एक पैसे पोहोचायला, आणि एक निव्वळ राखीव. सहीच्या 3 दिवस आधी अंतिम मसुदा दोन्ही पक्षांच्या हातात असावा, म्हणजे नावातली एका अक्षराची चूक आयत्या वेळी निघणार नाही. बँकेकडे रक्कम सोडण्याची मागणी 5 ते 7 दिवस आधी गेलेली असावी, बँकेने करायचं घराचं मूल्यांकन 10 दिवस आधी झालेलं असावं, आणि मालकी व बोजाचा (घरावर असलेल्या कर्ज-तारणाचा) शोध 15 दिवस आधी हातात असावा. हे सगळे कामाचे दिवस आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते पाहता पाहता साडेतीन-चार आठवडे होतात. तेवढा वेळ उरला नसेल तर पार्टीला आजच सांगा की सही सुट्ट्यांनंतर होईल. खोटी आशा दाखवून नंतर तारीख ढकलली की मग त्या एजंटच्या कुठल्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

‘कामाचा दिवस’ कायद्यातही सगळीकडे सारखा मोजला जात नाही, हे ध्यानात असू द्या. अमेरिकेत बहुतेक गृहकर्जांत खर्चाचा अंतिम तपशील कर्जदाराला सहीच्या किमान 3 दिवस आधी मिळावाच लागतो, आणि या मोजणीत शनिवार धरतात, पण रविवार आणि संघराज्याच्या सार्वजनिक सुट्ट्या धरत नाहीत. आठवड्यात एक सुट्टी आली की मोजणी एका दिवसाने पुढे सरकते. भारतात नोंदणी कायदा 1908 प्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून 4 महिन्यांत तो नोंदणीसाठी हजर करता येतो, त्यामुळे सही आणि नोंदणी यांच्यामध्ये सुट्टी आली तरी दस्त बुडत नाही. पण बँक मात्र नोंदणी झाल्याशिवाय पैसे सोडायला सहसा तयार नसते. म्हणजे कायद्याने मुभा दिली तरी व्यवहार थांबलेलाच राहतो.

आता एक गोष्ट, जी नव्या माणसांच्या हमखास लक्षात येत नाही. विकणाऱ्यावर जुनं कर्ज असेल तर त्याची बँक एक पत्र देते: अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरली की कर्ज पूर्ण फिटेल. ती रक्कम त्या तारखेपुरतीच खरी असते, कारण व्याज रोज चढतं. शिल्लक मुद्दल 40,00,000 आणि व्याज वर्षाला 9 टक्के धरलं, तर दिवसाचं व्याज सुमारे 986 होतं. सही सुट्टीमुळे 5 दिवस पुढे गेली तर जवळपास 4,930 कमी पडतात. एवढ्या मोठ्या व्यवहारात ही रक्कम किरकोळ वाटेल, पण कर्जखातं शून्य झाल्याशिवाय बँक मूळ कागदपत्रं देत नाही आणि बोजाही उतरवत नाही. मग मोठी रक्कम भरलेली, घर घेणारा ताब्यासाठी दारात उभा, आणि कागदपत्रं तिजोरीत. उपाय सोपा आहे. पत्र घेतानाच रोजचं व्याज किती ते त्यावर लिहून घ्या, आणि 7 दिवसांचं जास्तीचं व्याज भरण्याची तयारी विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. जास्त भरलेले पैसे परत मिळतात. कमी पडलेले भरायला मात्र बँक उघडण्याची वाट बघावी लागते. घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीच्या पत्रालाही मुदत असते आणि व्याजदर ठरावीक दिवसांपुरताच बांधलेला असतो. ती मुदत सुट्टीतच संपत नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

पैशांच्या बाबतीत हाच हंगाम सगळ्यात धोक्याचा असतो. माणसं प्रवासात असतात, ईमेल घाईत वाचले जातात, नेहमीचा हिशेबनीस रजेवर असतो. अशा वेळी वकिलाच्या किंवा विकणाऱ्याच्या नावाने निरोप येतो: ‘खातं बदललं आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा.’ ईमेलचा पत्ता अगदी हुबेहूब दिसतो, एखादंच अक्षर वेगळं असतं. कधी तर खरंच त्या माणसाचा ईमेल चोरलेला असतो. खातं बदलल्याचा निरोप कुठूनही आला तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, त्या निरोपात दिलेल्या नंबरवर कधीच नाही. त्या माणसाचा आवाज ऐकायचा आणि खातेक्रमांक त्याच्याकडून वाचून घ्यायचा. एवढं होईपर्यंत पार्टीला पैसे पाठवू देऊ नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी चुकीच्या खात्यावर गेलेली रक्कम थांबवायला बँकेत माणूसच सापडत नाही, आणि फसवणारे नेमके तेच दिवस निवडतात.

परदेशी राहणारी माणसं याच काळात घरी येतात, आणि त्यांच्याकडे जेमतेम दोन आठवडे असतात. त्यातला पहिला आठवडा नातेवाइकांचाच असतो, हे गृहीत धरा. त्यामुळे घरांचे नकाशे, मालकीची कागदपत्रं आणि व्हिडिओ त्यांचं विमान सुटण्याआधीच पाठवलेले हवेत. ते पोहोचतील तेव्हा बघण्यासारखी घरं चारच उरली पाहिजेत. पंधरा घरं दाखवणारा एजंट त्यांचे दिवस वाया घालवतो. घर पसंत पडलं आणि उरलेली कामं परतल्यावर होणार असतील, तर ते इथे आहेत तोवरच मुखत्यारपत्र करून घ्या. त्यात कोणतं घर, कोणती कामं, कोणत्या मुदतीपर्यंत हे स्पष्ट लिहा. मोघम सर्वाधिकार देऊ नका. ते राहून गेलं तर त्यांना तिथल्या नोटरीपुढे सही करावी लागते. दोन्ही देश 1961च्या हेग करारात असतील आणि तो त्या दोघांमध्ये लागू असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, घ्यावा लागतो, नाहीतर वकिलातीत खेटे घालावे लागतात. सुट्ट्यांमध्ये तिथली कार्यालयंही बंदच असतात.

घर दाखवण्याचं कामही या दिवसांत वेगळं होतं. घरात पाहुणे असतात, सामान जास्त असतं, स्वयंपाकघर दिवसभर चालू असतं. मालकाकडून रोज वेळ मागण्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरावीक दिवस आणि त्यातले दोन-दोन तास पक्के करून घ्या, आणि सगळ्या पार्ट्यांना त्यातच बसवा. एका पार्टीला अर्धा तास, मध्ये 15 मिनिटं मोकळी. दिवस लहान असतील तिथे दुपार टळायच्या आत सगळं उरका, कारण घरात उजेड कुठून येतो हे संध्याकाळी दाखवता येत नाही. दागिने, औषधं, भेटवस्तू आणि कागदपत्रं कुलुपात गेली आहेत ना, हे मालकाला आदल्या दिवशी फोन करून विचारा. एका सॉकेटवर दिव्यांच्या तीन माळा आणि हीटर लावलेला दिसला तर तेही मोकळेपणाने सांगा. घर चोखंदळपणे बघणारा माणूस अशा वायरी बघून सगळ्याच वायरिंगवर शंका घेतो, आणि आगीचा धोका तर असतोच.

सजावट राहू द्यावी की काढावी, यावर माझं मत पक्कं आहे: प्रत्यक्ष घर दाखवताना थोडी राहू द्या, फोटोत अजिबात नको. रोषणाईचा फोटो दोन महिन्यांनंतर जाहिरातीत दिसला की ‘हे घर तेव्हापासून पडून आहे’ हे बघणाऱ्याला न सांगता कळतं आणि किमतीची बोली खाली येते. म्हणून फोटो सजावटीच्या आधी काढून ठेवायचे, घर विकायला देण्याच्या करारावर सही झालेली नसली आणि मालकाचं मन अजून डळमळत असलं तरी. कॅमेरा तिवईवर, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 16 ते 24 मिमीची लेन्स पुरते. त्याहून रुंद घेतली की खोली फोटोत ताणली जाते आणि प्रत्यक्ष घर बघायला आलेला माणूस नाराज होऊन जातो. अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते ते) एफ 8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 ते 200, आणि खिडकी असलेल्या खोलीत कमी-मध्यम-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून जोडायचे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; पिवळे दिवे साधारण 2700 केल्विनचे आणि खिडकीतला उजेड 5500च्या आसपासचा असतो. दोन्ही एकत्र आले की भिंतीचा एक भाग पिवळा आणि एक निळा येतो, म्हणून घरातले दिवे बंद करून खिडकीच्या उजेडातच काढा. स्वस्त एलईडी चालू ठेवावेच लागले तर शटर 1/50 सेकंदाहून जलद नको, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात.

मालक गावाला गेला आणि घर बंद राहिलं की किल्ली एजंटकडे येते. अनेक एजंट ही जबाबदारी फार हलक्यात घेतात. किल्लीवर पत्ता कधीही लिहू नका, क्रमांक लिहा, आणि क्रमांक-पत्त्याची वही वेगळी ठेवा. किल्ली कोणी, कधी नेली आणि कधी परत केली, याची सहीसह नोंद हवी. निघण्याआधी पाण्याचा मुख्य कॉक बंद, फ्रिज रिकामा, बंद आणि दार उघडं, गॅस बंद. आठवड्यातून एकदा आत फेरी मारा. बंद घरात तीन-चार आठवड्यांनी वास यायला लागतो तो बहुधा मोऱ्या आणि सिंकखालच्या वळणदार पाइपमधलं पाणी सुकल्यामुळे. ते पाणी गटारातला वायू अडवून धरतं. ते गेलं की वास सरळ घरात. प्रत्येक मोरीत दोन तांबे पाणी आणि वरून चमचाभर खाद्यतेल टाकलं की पाणी लवकर उडत नाही. कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी नळातलं पाणी गोठून पाइप फुटतो, तिथे पाइप रिकामे करणं किंवा हीटर मंद चालू ठेवणं भाग आहे. मालकाला विम्याचे कागदही बघायला सांगा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर काही नुकसानींची भरपाई मिळत नाही.

नवं घर याच काळात बाजारात आणावं का? कारण असेल तर जरूर आणा, कारण स्पर्धा कमी असते आणि येणारा माणूस घ्यायलाच आलेला असतो. पण मालकाला घाई नसेल, घरात पाहुणे भरलेले असतील आणि रंगकाम अर्धवट असेल, तर थांबा. जाहिरात किती दिवसांची आहे हे आता सगळ्यांना दिसतं, आणि सुट्टीतले रिकामे आठवडेही त्यात मोजले जातात.

एजंटनेही सुट्टी घ्यावी. फोन बंद करून पळून जाणं आणि जेवतानाही फोन उचलणं, दोन्ही वाईट. प्रत्येक चालू व्यवहाराचं एक पान तयार करा: पुढची तारीख, कोणाची सही बाकी, कोणता कागद कुठे, पैसे कुठवर आले, कोणाला फोन करायचा. ते पान ज्या सहकाऱ्याला द्याल त्याची पार्टीशी ओळख आधी करून द्या, सुट्टीच्या पहिल्या दिवशी नव्हे. पार्टीला सांगा की निरोप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघितले जातील, आणि मग खरंच तेवढंच करा. या काळात कमिशनही उशिरा हातात येतं. आज ठरलेल्या व्यवहाराचे पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळतील असं धरून घरखर्च बांधा, म्हणजे पैशांच्या निकडीपायी कोणाला घाईने सही करायला लावायची वेळ येणार नाही.

कामं सुरू होतील त्या दिवशी पहिला फोन बँकेला करा, कारण तिथे साचलेल्या फाइलींचा ढीग असतो आणि आधी विचारणाऱ्याची फाइल आधी वर येते. दुसरा फोन नोंदणीची वेळ घ्यायला. मग सुट्टीत घर बघून गेलेल्या पार्ट्यांना त्याच आठवड्यात फोन करा. घरातल्या सगळ्यांचं बोलणं झालेलं असतं आणि नकार असेल तर तोही स्पष्ट मिळतो.