लाईन गेली तरी कूलरमध्ये हात घालू नका

नागपुरात इन्व्हर्टर दिव्यासाठी कोणी घेत नाही, कूलरसाठी घेतात. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत तर रात्री अकरालाही भिंतींतून धग येत असते आणि नुसता पंखा गरम हवाच फिरवतो. म्हणून हिशेब कूलरपासूनच मांडायचा.

१२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पण ती पार रिकामी करायची नसते, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. हाती येतात साधारण १,१००. आता लोड मोजा: लोखंडी कूलरचा पंखा आणि पंप मिळून २००, जुने दोन सीलिंग फॅन १५०, चार एलईडी ३६, वायफायचा राउटर १०. झाले जवळजवळ ४०० वॅट. म्हणजे नवी बॅटरी पावणेतीन तास, जुनी असेल तर त्याच्या निम्मीसुद्धा टिकत नाही. तेच दोन फॅन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले तर १५० चे ६० होतात आणि पाऊण तास वाढतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करून बघा.

पंप बंद करून वीज वाचवायला जाऊ नका. तो जेमतेम २०–४० वॅट घेतो, आणि खस सुकली की कूलर लू फेकायला लागतो. त्यापेक्षा पंख्याचा स्पीड एक घर कमी करा. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा हवा; स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर घुमते, तापते आणि वाइंडिंग लवकर जळते. आणखी एक: लाईन गेली की पाणी ओढणारा टुल्लू पंपही बंद, म्हणून कूलरची टाकी सकाळीच काठोकाठ भरून ठेवा.

बॅटरी रिकामी झाल्यावर पुन्हा पूर्ण भरायला १० ते १२ तास लागतात. दुपारी दोन तास लाईन गेली आणि रात्री परत गेली, तर रात्री बॅटरी दगा देते ती याच कारणाने. दुकानात नेण्याआधी हे लक्षात घ्या.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५–२७ अंशांवर धरलेलं असतं. त्यावर दर १० अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. गरम बॅटरी त्याच चार्जिंग व्होल्टेजवर जास्त गॅस सोडते, म्हणून पाणीही भराभर आटतं. टिनाच्या शेडखाली, पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ती ठेवू नका. जिन्याखाली ठेवायची तर हवा खेळती हवी, आणि शेजारी देवघराचा दिवा किंवा गॅस सिलिंडर नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

पाणी एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी बघा, इतर वेळी महिन्याने. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नाही, एसीच्या नळीतून गळलेलं नाही, ॲसिड तर मुळीच नाही. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच घालून चार्ज करा आणि मग वरच्या खुणेपर्यंत भरा. आधीच काठापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर उतू जातं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर इन्व्हर्टर बंद करा, आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. ढिला बोल्ट तापतो आणि वायरच्या टोकाचा लग वितळवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. लाईन गेली, पंप अडकलाय, म्हणून माणूस जाळी उघडून टाकीत हात घालतो. पण कूलर इन्व्हर्टरवर असतो आणि त्याच्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय. प्लग ओढून हातात दिसेपर्यंत कूलरला हात लावायचा नाही, पाणी भरतानाही नाही. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग चुकलं असेल तर बटण न्यूट्रलवर असतं आणि फेज कूलरपर्यंत पोचलेला असतो. टू-पिन प्लग कापून टाका, थ्री-पिन लावा, सॉकेटला खरी अर्थिंग पोचते का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मेन बोर्डावरच्या ३० मिलिअँपिअर आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इन्व्हर्टर चालू असताना भरवसा ठेवू नका. कूलरच्या लाईनवर, इन्व्हर्टर आणि कूलर यांच्या मध्ये, वेगळी बसवून घ्या. खर्च आहे, पण इथे काटकसर नको.

वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटतो तेव्हा घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. दिवे अचानक लख्ख झाले, पंखे जोरात पळू लागले की विचार न करता मेन पाडा. तक्रार महावितरणच्या १९१२ वर करायची. १२ अंकी ग्राहक क्रमांक विचारतात. तो मीटर बोर्डाच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा, अंधारात बिल शोधावं लागत नाही.