भाचीचा गेंद आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

भाद्रपद लागला की साताऱ्यात घरोघरी कासच्या फुलांच्या पठाराची चर्चा सुरू होते. आमच्या घरी यंदा ती जरा निराळ्या कारणाने सुरू झाली. माझी भाची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि प्रकल्पासाठी तिने गेंद निवडला आहे. पठारावर ओलसर जागी पांढरी गोल बोंडे दाटीने उभी दिसतात तोच हा गेंद. त्याचे शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. दुरून सगळे गेंद सारखेच दिसतात, पण जाती वेगळ्या करायच्या तर फुलांचे बारीक भाग आणि बियांच्या सालीवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते आणि पाहिलेले पूर्वीच्या वर्णनांशी ताडून घ्यावे लागते. ही वर्णने शोधताना तिची गाडी अडली. “मामा, एक पेपर उघडायला चाळीस डॉलर मागतात,” असे म्हणत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. गेंदातले मला काही कळत नाही, पण ग्रंथालयात बरेच दिवस घालवले आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांसाठी १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आमच्या उमेदीच्या काळात ‘लिटरेचर बघायला जातो’ याचा अर्थ पहाटेच्या एसटीने सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाणे, असाच होता. ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ या १९०७ मध्ये सुरू झालेल्या सारसंग्रहाचे जाडजूड खंड काढायचे, रेणुसूत्रांच्या सूचीतून क्रमांक शोधायचे, त्या क्रमांकावरून सारांश आणि सारांशावरून मूळ नियतकालिक गाठायचे, यात दिवस संपायचा. इतके करून हाती लागलेला लेख जर्मन भाषेत निघाला की परतीच्या गाडीत कोणाशी बोलावेसेही वाटत नसे.

भाचीला मी आधी तिच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेले. ती ५८४ या वर्गांकाच्या कपाटापुढे उभी राहिली आणि तेथे फारसे काही नाही म्हणून निराश झाली. पुस्तके विषयवार लावण्याच्या ड्युईच्या दशांश पद्धतीत ५८४ म्हणजे एकदल वनस्पती, आणि गेंद एकदलच असल्यामुळे तिचे तेथे जाणे बरोबरच होते. पण एखाद्या प्रदेशाची समग्र वनस्पतिसूची, जिला हे लोक ‘फ्लोरा’ म्हणतात, ती वनस्पतींच्या गटाप्रमाणे नव्हे तर प्रदेशाप्रमाणे लागते आणि ५८१.९ पाशी जाऊन बसते. एकाच रोपाविषयीची दोन पुस्तके अशी दोन ठिकाणी असतात, आणि कपाटापुढे उभ्या असलेल्या मुलीला हे कळायला काहीच मार्ग नसतो. संगणकावरच्या सूचीत विषय टाकून शोधले असते तर दोन्ही पुस्तके दिसली असती, परंतु तो संगणक म्हणजे ग्रंथालयाचे काहीतरी खासगी काम आहे अशी मुलांची समजूत दिसते.

५८१.९ पाशी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा मिळाला. हा ग्रंथ मूळ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि पश्चिम महाराष्ट्रातले विद्यार्थी आजही प्रथम त्याच्याकडेच वळतात. परंतु गेंदासाठी तो पुरत नाही. भारतातल्या एरिओकॉलॉनच्या जातींवर पी. एफ. फायसन यांनी सविस्तर लिहिले ते १९१९ नंतर, आणि तेही ग्रंथात नव्हे, तर ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’ या नियतकालिकाच्या अंकांतून. इतक्या जुन्या अंकांसाठी बांधीव खंड जपणाऱ्या मोठ्या ग्रंथालयाकडेच जावे लागते, आणि खंड तेथेही नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागवून घेण्याची सोय असते. ही आंतरग्रंथालयीन सेवा मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तिच्याचविषयी विद्यार्थ्यांना सगळ्यांत कमी माहिती असते. एक अर्ज भरायचा, त्यावर लेखाचे नाव, खंड, वर्ष आणि पृष्ठे अचूक लिहायची, एवढेच विद्यार्थ्याचे काम. भाचीने पहिल्या अर्जात पृष्ठांक लिहिलेच नव्हते. विद्यापीठातल्या संदर्भ विभागातल्या बाईंनी ते न रागावता शोधून भरले.

चाळीस डॉलरच्या पेपराचा प्रश्न निराळा होता. संशोधन नियतकालिके एकत्रित वर्गणीतून संस्थांना खुली करणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके तिच्यात येतात. केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ती आहे. आपल्याकडची बरीचशी महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली असल्यामुळे आपले महाविद्यालय तिच्यात बसते का, हे आपल्या ग्रंथपालांनाच विचारावे. महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राची एन-लिस्ट ही ई-नियतकालिके वाचू देणारी सेवा वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे नाव आणि पासवर्ड मिळतो, मात्र त्यासाठी महाविद्यालयाने वर्गणी भरून विद्यार्थ्याची नोंद करावी लागते. मला माहीत असलेल्या एका महाविद्यालयात वर्गणी नेमाने भरली जाई, पण पासवर्ड मागायला वर्षभरात कोणीही येत नसे, आणि ते द्यायचे असतात हे वर्गात कोणी सांगतही नसे. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या तसबिरीला हार मात्र चुकत नसे. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्राचा चौथा सिद्धान्त त्यांनी १९३१ मध्ये मांडला होता. जाता जाता एक गंमत: गणित शिकवणारे रंगनाथन आणि गेंदवाले फायसन हे दोघेही मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक.

‘शोधगंगा’ हा पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह मात्र घरबसल्या कोणालाही विनामूल्य उघडतो. प्रबंध वाचायचा तो शेवटाकडून, असे मी भाचीला सांगितले. आधी संदर्भसूची पाहावी, मग कार्यपद्धतीचे प्रकरण वाचावे, आणि निष्कर्षांचा मोह शक्यतो टाळावा. मजकूर उचलण्याचा मोह तर मुळीच धरू नये, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या पुढे गेले की प्रबंध अडचणीत येतो, आणि ते तपासण्याचे कामही आता ग्रंथालयाकडेच असते. साम्याचा अहवाल म्हणजे शिक्षा, असे समजून मुले तो शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात. मसुदा तयार होताच तो मागून घेतला तर अवतरणचिन्हे कोठे राहिली हे वेळेवर कळते.

चाळीस डॉलरचा तो पेपर शेवटी विद्यापीठाच्या वाचनकक्षातल्या संगणकावर एक पैसाही न देता उघडला. फायसन यांच्या लेखाची प्रत यायला आणखी काही दिवस लागले. ती समोर ठेवून भाचीने पाच नमुन्यांपैकी तिघांची ओळख पटवली आहे. उरलेल्या दोघांचे बी अजून कोवळे आहे, त्यामुळे सालीवरची नक्षी नीट दिसत नाही. अश्विनात पुन्हा कासला जायचे ठरले आहे, आणि तोपर्यंत ती प्रत माझ्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली आहे.