स्वस्तातली टेली घेताना मी काय बघतो

बजेटमधली विंटेज स्टाइल टेली, म्हणजे फेंडरच्या टेलीकास्टरच्या धर्तीची इलेक्ट्रिक गिटार, बघायला गेलं की लोक आधी पिकअपचं (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) विचारतात, चुंबक अल्निको आहेत का सिरॅमिक, आणि मला दरवेळी वाटतं की अरे आधी नेक तर हातात घेऊन बघा. पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब ज्यावर असतात ते), ट्यूनर हे सगळं नंतर बदलता येतं. पीळ पडलेला नेक किंवा खालीवर बसलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र नीट करून घ्यायला जो खर्च येतो तो स्वस्त गिटारला परवडतच नाही.

परवा भाचीसाठी टेली स्टाइल गिटार बघायला कोथरूडला गेलो होतो, सेकंडहँड. ती रंग बघून खूश, बटरस्कॉच आणि काळा पिकगार्ड, दिसते सुंदरच म्हणा. मी आधी बॉडीकडून हेडस्टॉककडे नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकली, दोन्ही कडा सारख्या जातात का ते बघायला, कारण थोडा बाक असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली, फिरवून बाक कमीजास्त करता येणारी सळई) निघतो पण पीळ असेल तर सोडून द्यायची. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवली. खूप वेळ लागतो आणि विकणारा कंटाळतो, कंटाळू दे. एखाद्याच फ्रेटवर आवाज मेला किंवा झणझणला तर पुढचा फ्रेट वर आलेला असतो. आणि नेकच्या कडेवरून बोट फिरवायचं, आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येऊन टोचतात. ती घासून घेता येतात, त्यासाठी गिटार नाकारू नका.

एक गोष्ट स्पेकमध्ये जरूर बघा, फिंगरबोर्डची रेडियस. पन्नाशीच्या दशकातल्या टेलीला ७.२५ इंच असायची, म्हणजे जास्त गोलाई, कॉर्डला मस्त पण ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून बेंड मारला, म्हणजे तार बाजूला ओढली, की वरच्या फ्रेटांवर नोट गुदमरते. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, म्हणजे स्क्वायरच्या, क्लासिक व्हाइबसारख्या गिटारींना ९.५ इंच देतात, शिकणाऱ्यासाठी मला तेच बरोबर वाटतं.

आता सेटअप. क्रम मोडायचा नाही, नवीन तारा, ट्यूनिंग, मग रिलीफ (नेकचा हलका बाक), मग ॲक्शन, आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. रिलीफ मोजायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो, तोच जो बाइकचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळून जाईल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटवर फट मोजायची, ९.५ रेडियसला साधारण ०.२५ मिमी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, पुन्हा ट्यून करून पुन्हा मोजायचं. मग ॲक्शन, सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीच्या आसपास.

इंटोनेशनला जुन्या पद्धतीच्या टेलीची खरी गंमत आहे कारण सहा तारांना सॅडल (ब्रिजवरचे, तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) तीनच. बाराव्या फ्रेटवर दाबलेली नोट हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वर जात असेल तर सॅडल मागे घ्यायचं, खाली असेल तर पुढे, एवढं सोपं, पण डी आणि जी एकाच सॅडलवर बसतात आणि साध्या जी तारेला सॅडल मागे हवं असतं तर डीला पुढे. तर मधे थांबायचं, जी किंचित वर आणि डी किंचित खाली. कान फार टोचत असेल तर तिरकस कापलेली कॉम्पेन्सेटेड सॅडल मिळतात, बाकी पूर्ण ब्रिज बदलायची गरज नाही, त्या ब्रिजमुळेच तर टेली टेलीसारखी वाजते.

पॉट खरखरत असतील तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, आत फवारा, नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा, बहुतेक वेळा काम होतं. टेलीचे सिंगल कॉइल पिकअप थोडे गुणगुणणारच, आणि तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे असं समजा. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच ॲम्प बंद करा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या, पेठांतल्या जुन्या घरांत हे फार महत्त्वाचं आहे, ॲम्पची तिसरी पिन तोडून टू पिनमध्ये लावणं तर अजिबात नको.

भाचीला एवढंच करायला सांगितलंय की रिलीफ आणि ॲक्शनचे आकडे तारखेसकट कागदावर लिहून केसमध्ये ठेव. पाऊस सुरू झाल्यावर पंधराएक दिवसांनी पुन्हा मोजायचं, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की अजून एकदा, आणि आकडा हलला असेल तरच ॲलन की (षट्कोनी चावी) हातात घ्यायची.